सिग्नल पडले ते भुलीमुळे की मज्जारज्जूला इजा झाल्यामुळे?

पाठीचा बाक सरळ करताना सर्जन रॉड फिरवतो आणि कोपऱ्यात स्क्रीनसमोर बसलेला मॉनिटरिंगचा तंत्रज्ञ म्हणतो, "सर, दोन्ही पायांचे सिग्नल पडले." सर्जनचा पहिला प्रश्न पडद्याच्या या बाजूला येतो: "तुम्ही आत्ता काही दिलंत का?" त्यावर "गेल्या तासाभरात काहीही बदललेलं नाही" असं भूलतज्ज्ञाला ठामपणे सांगता आलं, तर सर्जन पुढचं पाऊल लगेच उचलू शकतो. ते सांगता आलं नाही, तर मोलाची मिनिटं शंका फेडण्यात जातात. म्हणून अशा केसमध्ये औषध कोणतं निवडलं यापेक्षा ते किती स्थिर ठेवलं, याला मी जास्त किंमत देतो.

हा लेख अशा केसला नव्याने उभं राहणाऱ्या भूलतज्ज्ञांसाठी आणि ओटीतल्या तंत्रज्ञांसाठी आहे. उदाहरण घेतलं आहे स्कोलिओसिसचं, म्हणजे बाजूला वाकलेल्या पाठीच्या कण्याचं, कारण मॉनिटरिंगच्या जवळजवळ सगळ्या अडचणी त्यात भेटतात. दिलेले डोस सुरुवातीचे आहेत. पेशंटचं वय, हृदय आणि लिव्हर बघून ते बदलावे लागतात, हे वेगळं सांगायला नको.

यंत्र नेमकं काय मोजतं

मुख्य तपासण्या दोन. पहिली एसएसईपी. घोट्याजवळ किंवा मनगटाजवळ नसेला बारीक विद्युत झटके द्यायचे आणि त्यांचा प्रतिसाद डोक्याच्या त्वचेवर टिपायचा. मनगटाचा झटका साधारण २० मिलिसेकंदांत मेंदूपर्यंत पोचतो, घोट्याचा साधारण ३७ मिलिसेकंदांत. हा संदेश मज्जारज्जूच्या मागच्या भागातून वर जातो. प्रतिसाद इतका क्षीण असतो की शेकडो झटक्यांची सरासरी काढल्यावरच तो दिसतो. त्यामुळे स्क्रीनवर दिसणारं चित्र हे गेल्या मिनिटाभराचं असतं, या क्षणाचं नसतं.

दुसरी एमईपी. यात उलट दिशेने जायचं. डोक्यावरच्या इलेक्ट्रोडमधून काहीशे व्होल्टचे चार-पाच झटके एकापाठोपाठ द्यायचे आणि हातापायाच्या स्नायूंत आकुंचन उमटतं का ते बघायचं. हा संदेश मज्जारज्जूच्या बाजूच्या आणि पुढच्या भागातून खाली येतो. पुढच्या भागाला रक्त पुरवणारी धमनी वेगळी आणि मागच्या भागाच्या धमन्या वेगळ्या. म्हणूनच एसएसईपी ठणठणीत असताना पाय लुळे पडणं शक्य आहे, आणि म्हणूनच दोन्ही तपासण्या एकत्र करतात.

यांच्या जोडीला ईएमजी, म्हणजे स्नायूंतल्या विद्युत हालचालीची नोंद असते. स्क्रू नसेच्या मुळाला खेटला की स्नायू तडतडतो, ते त्यात कळतं.

आता भूल यात कुठे येते? भुलीची औषधं नसेच्या तारेला फारसं काही करत नाहीत. ती काम करतात सिनॅप्सवर, म्हणजे एक पेशी दुसरीला संदेश देते त्या जागी. सिनॅप्स म्हणजे रस्त्यावरचे टोलनाके समजा: जितके नाके जास्त, तितका भुलीचा अडथळा मोठा. कानातून मेंदूच्या खोडापर्यंत जाणाऱ्या श्रवण-प्रतिसादाच्या वाटेत नाके थोडे, म्हणून तो जवळपास कोणत्याही भुलीत टिकतो. मेंदूच्या पृष्ठभागावर उमटणाऱ्या एसएसईपीच्या वाटेत जास्त. एमईपीला तर मेंदूचा पृष्ठभाग, मज्जारज्जूतल्या चालक पेशी आणि शेवटी नस-स्नायूचा सांधा अशा तिन्ही ठिकाणी अडवता येतं. डोळ्यांच्या प्रतिसादाचं तंत्र सगळ्यात नाजूक. एवढा क्रम डोक्यात पक्का असेल, तर पुढचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत.

आदल्या दिवशी

पेशंटचे हातपाय स्वतः तपासा. आधीच अशक्त असलेल्या पायाचा सिग्नल टेबलावर दमदार येणार नाही. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांत, मधुमेहाने नसा खराब झालेल्यांत किंवा मज्जारज्जूवर आधीच दाब असलेल्यांत बेसलाइन, म्हणजे पुढच्या तुलनेसाठी सुरुवातीला घेतलेला सिग्नल, मुळातच दुबळी असते आणि तिथे भुलीची थोडीशी आगळीकही महागात पडते. ड्युशेनसारखा स्नायूंचा आजार असेल तर सक्सिनिलकोलिन आणि गॅसची भूल दोन्ही टाळायच्या. त्याचा मॉनिटरिंगशी संबंध नाही, पण स्कोलिओसिसच्या यादीत ही मुलं हमखास असतात.

फिट्स येतात का, कवटीत काही बसवलं आहे का, कवटीचं हाड काढलेलं आहे का, पेसमेकर किंवा कॉक्लिअर इम्प्लांट आहे का, हे विचारून घ्या. यांतलं काही असलं म्हणजे एमईपी बादच होते असं नाही, पण निर्णय सर्जन आणि न्यूरोफिजिऑलॉजिस्टबरोबर बसून घ्यायला हवा.

त्याच संध्याकाळी पेशंटला "मध्येच उठवावं लागेल, तेव्हा पाय हलवायचे" हेही शिकवा. वेक-अप टेस्टची पद्धत फ्रान्समधून १९७३ साली आली. तेव्हा मज्जारज्जू शाबूत आहे की नाही हे कळायला दुसरा मार्गच नव्हता. पुढे मॉनिटरिंग रुळलं आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या ५० हजारांहून अधिक शस्त्रक्रियांच्या पाहणीत अनुभवी मॉनिटरिंग टीम असलेल्या ठिकाणी मज्जारज्जूच्या इजा कमी आढळल्या. तरीही वेक-अप टेस्ट कालबाह्य झालेली नाही. ती वेळ आली तर पेशंट अर्धवट गुंगीत असतो, अशा वेळी त्याला घरच्या बोलीतच कळतं. धुळ्याकडच्या अहिराणी बोलणाऱ्या किंवा गडचिरोलीच्या गोंडी बोलणाऱ्या मुलाला "टोज हलव" म्हणून उपयोग नाही. कोणते शब्द वापरायचे ते आईसमोर ठरवून घ्या आणि केसपेपरवर लिहून ठेवा.

औषधांची निवड

गॅसपासून सुरुवात करू. सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन, डेसफ्लुरेन हे तिघंही डोसच्या प्रमाणात सिग्नलची उंची कमी करतात आणि तो उशिरा आणतात. एसएसईपी अर्ध्या मॅकपर्यंत बऱ्यापैकी तग धरतात (एक मॅक म्हणजे चीर दिल्यावर निम्मे पेशंट हलत नाहीत एवढं गॅसचं प्रमाण). एमईपी त्याआधीच कोमेजू लागतात, विशेषतः पायांचे. पुस्तकं अर्ध्या मॅकची मुभा देतात. धडधाकट नसांच्या तरुण पेशंटमध्ये ती चालतेही. पण मज्जारज्जूला खरा धोका असेल किंवा बेसलाइन दुबळी असेल, तर गॅसचा डायल बंदच असावा असं माझं स्पष्ट मत आहे. नायट्रस ऑक्साइडला "सौम्य" समजण्याची सवय अनेक ठिकाणी टिकून आहे. सिग्नलची उंची खाण्यात तो बिलकुल सौम्य नाही, आणि थोड्या गॅसच्या जोडीला दिला तर दोघं मिळून जास्तच नुकसान करतात.

म्हणून टिवा, म्हणजे संपूर्ण भूल शिरेतून. कणा असतो प्रोपोफॉलचा, मिनिटाला किलोमागे ७५ ते १५० मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या पेशंटला १०० या दराने तासाला ३६० मिग्रॅ लागतात, म्हणजे एक टक्क्याच्या औषधाचे ३६ मिली. ५० मिलीची सिरिंज सव्वा तासाच्या थोडं पुढे संपते. पाच तासांच्या केसला चार सिरिंज लागणार आणि सिरिंज बदलताना पंप बंद राहतो ती मिनिटं सिग्नलमध्येही उमटतात, पेशंटच्या शुद्धीतही. पुढची सिरिंज भरून, लेबल लावून, शक्य असेल तर दुसऱ्या पंपावर चढवून तयार ठेवा. टीसीआय पंप (रक्तात हवी ती पातळी सांगितली की दर स्वतः ठरवणारा) असेल तर उत्तमच, नसेल तर साध्या सिरिंज पंपावरही हे काम चोख होतं. प्रोपोफॉल सिग्नलला पूर्ण निरुपद्रवी आहे असा समज मात्र करून घेऊ नका. डोस वाढवत गेलात तर तोही एमईपी झोपवतो.

वेदनाशामकाचा वाटा जितका मोठा, तितकं प्रोपोफॉल कमी लागतं. ओपिऑइड सिग्नलला फार त्रास देत नाहीत. रेमिफेंटानिल मिळत असेल तर मिनिटाला किलोमागे ०.१ ते ०.३ मायक्रोग्रॅम. नसेल तर फेंटानिल तासाला किलोमागे १ ते २ मायक्रोग्रॅम, पण ते शरीरात साचतं, म्हणून शेवटच्या तासात हात आखडता घ्यावा लागतो.

केटामिनचं या जगात पुनर्वसन झालं आहे, आणि ते योग्यच आहे. बहुतेक औषधं सिग्नल दाबतात, केटामिन तो उलट उचलून धरतं. तासाला किलोमागे ०.१ ते ०.३ मिग्रॅ एवढ्यावर प्रोपोफॉल बरंच खाली आणता येतं, शिवाय शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनाही कमी होतात. दुबळ्या बेसलाइनच्या पेशंटमध्ये मी ते पहिल्यापासून सुरू करण्याच्या बाजूने आहे. एक लक्षात असू द्या: केटामिनने बीआयएसचा, म्हणजे मेंदूच्या लहरींवरून भुलीची खोली दाखवणारा आकडा वर जातो. तो बघून प्रोपोफॉल वाढवलंत, तर केटामिन देऊन मिळवलेलं सगळं घालवाल.

डेक्समेडेटोमिडिन तासाला किलोमागे ०.२ ते ०.५ मायक्रोग्रॅमपर्यंत ठीक. त्याचा लोडिंग डोस टाळा, आणि जास्त डोसला एमईपी पडतात हे विसरू नका. मिडाझोलाम द्यायचंच असेल तर सुरुवातीला, अगदी थोडं.

स्नायू सैल करणारी औषधं (रिलॅक्संट) एसएसईपीला बाधत नाहीत. स्नायूंचा गोंगाट थांबल्यामुळे उलट तो स्वच्छ दिसतो. एमईपी आणि ईएमजी मात्र त्यांनी पुसली जातात. नळी घालताना एकदाच रोक्युरोनियम किंवा अॅट्राक्युरियम द्या आणि नंतर सिरिंज ट्रॉलीवरून उचलून ठेवा. ती समोर असली की कुणीतरी सवयीने "थोडं देतो" म्हणतं. बेसलाइन घेण्याआधी ट्रेन-ऑफ-फोरचे, म्हणजे नसेला ओळीने चार झटके देऊन बघितलेल्या स्नायूच्या प्रतिसादातले, चारही झटके परत आलेत याची खात्री करा. रोक्युरोनियम रेंगाळत असेल तर सुगमाडेक्स आहे: दोन झटके दिसत असतील तर किलोमागे २ मिग्रॅ, खोल असर असेल तर ४.

प्रत्येक मॉनिटरिंगला टिवा लागतेच असंही नाही. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत आवाजाची नस सांभाळायला ईएमजीची नळी घालतात. तिथे गॅसची भूल खुशाल चालते, फक्त रिलॅक्संटचा असर उतरलेला हवा आणि नळीला लिग्नोकेन जेली लावलेली नसावी. कोणती तपासणी होणार हे न विचारताच भुलीची योजना आखणं, ही नेहमी दिसणारी चूक.

टेबलावर: झोपवण्यापासून बेसलाइनपर्यंत

लहान मुलाला मास्कवर सेव्होफ्लुरेन देऊन झोपवलं तर हरकत नाही. शीर मिळाली की टिवा सुरू करा आणि श्वासातला गॅस जवळजवळ शून्यावर येऊ द्या. तोवर बेसलाइन घेऊ नका. गॅस अंगात असताना बेसलाइन घेतली, तर तो ओसरल्यावर सिग्नल सुधारल्यासारखा दिसतो, आणि नंतर खरी घसरण सुरू झाली तरी तुलना त्या खालच्या रेषेशीच होत राहते.

टिवाची शीर वेगळी ठेवा आणि तिची जागा पडद्याआडूनही डोळ्यांना दिसेल अशी हवी. पालथ्या पेशंटमध्ये कॅन्युला निसटली, औषध गादीत जिरलं आणि कुणालाच कळलं नाही, असं घडू शकतं. रिलॅक्संटशिवायच्या भुलीत पेशंट हलून निदान इशारा देतो, पण मणक्यावर ड्रिल चालू असताना तो इशारा नकोसा असतो. कपाळावर बीआयएस किंवा ईईजी (मेंदूच्या लहरींची नोंद) लावा, बीआयएस ४० ते ६० मध्ये ठेवा. ईईजीत सपाट पट्टे दिसू लागले तर भूल गरजेपेक्षा खोल आहे, आणि एमईपी पडण्याचं ते साधं कारण असू शकतं.

तोंडाची काळजी ही टाळाटाळ करण्याची गोष्ट नाही. एमईपीच्या झटक्याने जबडा जोरात मिटतो. गॉझची मऊ गुंडाळी दोन्ही बाजूंच्या दाढांमध्ये बसवा, जीभ मधोमध आणि दातांच्या आत आहे हे बघा, आणि पालथं केल्यावर पुन्हा बघा. एकच कडक बाइट ब्लॉक मध्यभागी ठोकून समाधान मानू नका. जीभ चिरते, क्वचित दात तुटतो, नळी चावली गेली तर श्वासच अडतो.

पालथं करताना हात खांद्याच्या वर फार ताणू नका, कोपराच्या आतली बाजू मोकळी ठेवा, पोट लोंबतं राहू द्या. मान अस्थिर असेल तर पालथं करण्याआधी एक बेसलाइन आणि केल्यावर दुसरी हवी. मग रिलॅक्संट आधीच उतरलेला लागतो, त्याचं नियोजन नळी घालण्यापूर्वीच करावं लागतं.

गोंगाट हा वेगळाच ताप. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ब्लड वॉर्मर, टेबलाची मोटर, मायक्रोस्कोप, खराब अर्थिंग, सगळं सिग्नलमध्ये घुसतं. तंत्रज्ञ एसएसईपीचे झटके सेकंदाला ५ न देता ४.७ असे विचित्र दराने देतात, ते विजेच्या लाटेशी ताल जुळू नये म्हणून. कॉटरी (विजेने कापणारं आणि रक्त थांबवणारं उपकरण) चालू असताना आलेला ट्रेस कुणी गंभीरपणे घेऊ नये.

मधले तास

या काळातला नियम एकच: जे करायचं ते बोलून करा. प्रोपोफॉल वाढवलं, सांगा. दाब वाढवायला फेनिलएफ्रिन दिलं, सांगा. तंत्रज्ञ त्याच्या नोंदीत वेळेसकट लिहील आणि पुढे भांडण मिटेल. बोलस, म्हणजे एकदम दिलेला डोस, शक्यतो नकोच. अगदी द्यावा लागला तर स्क्रू बसवताना, रॉड फिरवताना किंवा हाड कापताना नको. प्रोपोफॉलचा एक बोलसही एमईपी काही मिनिटांसाठी झोपवू शकतो, आणि नेमकी तीच मिनिटं हवी असतात.

सरासरी रक्तदाब पेशंटच्या नेहमीच्या आकड्याच्या जवळ ठेवा. रक्त वाचवायला दाब उतरवण्याची जुनी पद्धत मणका उघडत असताना फार तर चालेल, पण बाक सरळ करायला घेण्याआधी दाब वर आलेला हवा. ताणलेल्या मज्जारज्जूला कमी दाब सोसत नाही. तापमान ३६ च्या वर ठेवा, गारठलेल्या अंगात सिग्नल उशिरा येतात. कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४० मिमीच्या आसपास. फार वेगाने श्वास देऊन तो खाली ढकलला तर मज्जारज्जूच्या रक्तवाहिन्या आकसतात.

लांबलेल्या केसमध्ये एमईपीला तासागणिक थोडे जास्त व्होल्ट लागू लागतात. याला फेड म्हणतात. चारही हातपायांत हळूहळू दिसणारी ही घसरण बहुधा भुलीची असते. तंत्रज्ञाने तिची नोंद ठेवली असेल तर अचानक आलेली घट वेगळी ओळखू येते.

सिग्नल पडल्यावर

एसएसईपीची उंची बेसलाइनच्या निम्म्याहून खाली आली किंवा वेळ १० टक्क्यांहून वाढला, तर तो धोक्याचा इशारा. एमईपीच्या बाबतीत मर्यादा जागोजागी वेगळ्या आहेत. कुणी ५० टक्के घट धरतं, कुणी ८०, कुणी पूर्ण गायब झाल्यावरच हाक मारतं. तुमच्या टीमची मर्यादा सुरुवातीलाच ठरलेली हवी.

इशारा आला की सर्जनने हात थांबवायचे, गाणी बंद, गप्पा बंद. तुम्ही मात्र कारण शोधायच्या आधीच दाब चढवायला लागा. सरासरी ८५ च्या वर न्या. दाब वाढवून नुकसान क्वचितच होतं, उशीर केल्याने होतं. ऑक्सिजन १०० टक्के करा, रक्ताचा नमुना पाठवून हिमोग्लोबिन, आम्लता आणि कार्बन डायऑक्साइड बघा, तापमान बघा.

मग नमुना वाचा. चारही हातपायांचे सिग्नल एकदम उतरले असतील तर संशय भुलीवर, दाबावर किंवा तापमानावर. रिलॅक्संट चुकून गेलं का ते ट्रेन-ऑफ-फोर लावून ३० सेकंदांत कळतं. कुणी गॅस चालू केला का, पंपाचा दर बदलला का, ते बघा. एकाच हाताचा सिग्नल गेला तर तो हात आधी हलवून ठेवा. खांद्याजवळची किंवा कोपराजवळची नस दबली असण्याची शक्यता जास्त. पायाचे गेले आणि हाताचे जसेच्या तसे आहेत, आणि तेही रॉड फिरवल्याबरोबर, तर मज्जारज्जूलाच धक्का समजून चाला.

इथे एक खाच आहे. पायांचे एमईपी हातांच्या तुलनेत मुळातच नाजूक असतात, त्यामुळे भूल खोल झाली तरी आधी पायच पडतात. अशा वेळी हातांकडे नीट बघायचं. भुलीचा दोष असेल तर हातांची उंचीही थोडी घटलेली असते किंवा त्यांना आधीपेक्षा जास्त व्होल्ट लागत असतात. एसएसईपीत दुसरा धागा मिळतो. मानेच्या पातळीवर टिपलेला प्रतिसाद शाबूत आणि फक्त डोक्यावरचा दबलेला असेल, तर बोट भुलीकडे जातं, कारण मज्जारज्जूची वाट पार करून संदेश आलेला असतो. आणि दाब थोडासाच उतरलेला असूनही फक्त पाय गेले, तर भूल निर्दोष आहे म्हणून सुटका नाही. ताणलेल्या मज्जारज्जूला तेवढी घटही पुरते.

शंका राहिली तर ती पेशंटच्या बाजूने सोडवायची, म्हणजे इजा झाली आहे असं गृहीत धरायचं. सर्जनने शेवटची कृती उलटी फिरवावी: रॉड सैल, ताण कमी, नुकताच घातलेला स्क्रू बाहेर. तुम्ही तोवर प्रोपोफॉल जमेल तेवढं कमी करा आणि केटामिनचा आधार द्या. तरीही सिग्नल परत आले नाहीत तर वेक-अप टेस्ट. नळी घट्ट धरा, डोक्याशी एक माणूस उभा करा, आधी मूठ आवळायला सांगा. हात हलला म्हणजे ऐकू येतंय, समजतंय. त्यानंतरच पायाची बोटं. हात हलत नसताना पाय हलला नाही, तर त्याचा अर्थ काहीच लागत नाही.

उठवताना आणि नंतर

रेमिफेंटानिल बंद केल्यावर वेदना मिनिटांत उसळते, म्हणून दीर्घकाळ टिकणारं वेदनाशामक ते थांबवण्याआधीच द्या. शेवटचे सिग्नल जखम शिवून होईपर्यंत घेत राहायला तंत्रज्ञाला सांगा. केस संपली असं समजून तारा लवकर काढल्या जातात. तोंडातली गॉझ मोजून बाहेर काढा आणि जीभ बघा.

ओटीतून हलवण्याआधी दोन्ही घोटे आणि अंगठे वर-खाली होतात का ते बघा आणि कागदावर लिहा. पुढचे दोन-तीन दिवस आयसीयूत सरासरी दाबाची खालची मर्यादा लेखी द्या, कारण टेबलावर सगळं नीट असूनही काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी पायांतली ताकद जाऊ शकते. पहिले २४ तास नर्सने दर तासाला दोन्ही पायांची बोटं हलवायला लावावीत आणि ताकद आकड्यात लिहावी. एखाद्या तासाला ती आधीपेक्षा कमी दिसली, तर सकाळच्या राउंडपर्यंत न थांबता रात्रीच सर्जनला फोन जायला हवा, आणि फोन लागेपर्यंत दाब वर घ्यायला सुरुवात झालेली असावी.